धुऱ्याचं भोक

धुरपताबाई सौंदडला नवी नवरी होऊन आली, तेव्हा धानाच्या बांधीतल्या पाण्यात टोपलीभर खेकडे सापडत. फवारणीची औषधं आली नि खेकडे गेले. सात वर्षांपूर्वी तिनं हट्टानं फवारणी बंद केली. उतारा घटला, मुलगा हेमेंद्र चिडला. पण ती रोज धुऱ्यावर, बांधीच्या मातीच्या बांधावर, खेकडे शोधत फिरायची. नात चेतनानं खेकडा चित्रातच पाहिलेला, ही खंत तिला खात होती.

परवा हेमेंद्र फावडं घेऊन ओरडला, “माय, धुऱ्याले भोक पडलं! पाणी वाहून राहिलं, बुजवतो.”

तिनं वाकून पाहिलं. भोकाच्या तोंडाशी खेकड्यानं उकरलेल्या चिखलाच्या ताज्या गोळ्या होत्या. अशी कित्येक भोकं तिनं तरुणपणी शिव्या देत बुजवली होती.

“खबरदार हात लावशील तर!” ती तिथंच फतकल मारून बसली. “जाऊ दे पाणी. चेतनाले बोलाव.”