गुडघ्याचं निमित्त

आमचे डॉक्टर भोरला मुलीकडे अंथरुणाला खिळले होते, तेव्हा मी त्यांना भेटायला गेलो नाही. ‘पाय चालत नाहीत’ असं फोनवर सांगितलं. त्या दिवशी माझे पाय चालत होते. हे मी आजवर कुणालाच, बायकोलाही, सांगितलेलं नाही.

वेल्ह्यात एसटी स्टँडसमोर त्यांचा दवाखाना होता. मी आत शिरलो की प्रश्न ठरलेला, “आज पाय काय म्हणतात?” जणू पाय म्हणजे माझ्याबरोबर आलेले दोन हट्टी पाहुणे. मी काहीही सांगितलं तरी ते मान हलवायचे. खरं मानायचे.

मला त्याची सवय नव्हती. मी कचेरीतला कारकून. सकाळी ताठ बसलेला माणूस दुपारी भिंत धरून चालतो, हे कुणाला पटणार? पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी मल्टिपल स्क्लेरोसिस असं निदान केलं. पण ते नाव इथं कुणाच्या तोंडात बसेना. शेवटी डॉक्टरांनीच माझ्या बायकोला समजावलं, “वहिनी, मोटारीच्या वायरीचं कव्हर उंदरानं कुरतडलं, तर करंट कधी पोचतो, कधी न्हाई. म्हणून मोटार नाटक करते का?” त्यानंतर ‘नाटकं’ हा शब्द आमच्या घरात आला नाही.

एकदा स्टँडवर माझा झोक गेला. चहाच्या टपरीवरून कुणीतरी ओरडलं, “काय भाऊसाहेब, भर दुपारीच लावली व्हय?” हशा पिकला. डॉक्टर अनवाणीच बाहेर आले, माझ्या दंडाला लटकले आणि साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “जरा धरा हो मला. गुडघा लई कुरकुरतोय.” तेव्हापासून कचेरी सुटली की ते मला एसटीत बसवेपर्यंत दंड सोडत नसत. लोक म्हणायचे, भाऊसाहेब म्हाताऱ्याला सांभाळतात. त्यांच्या गुडघ्याला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं.

मग त्यांच्या अंगावरून वारं गेलं. मुलीनं त्यांना भोरला नेलं. तिचा फोन आला, “काका, अण्णा सारखं विचारतात, माझी काठी कुठंय? तुम्हालाच म्हणतात ते. येऊन जाता का?”

पलंगावर पडलेले ते पाय मला बघवले नसते. त्यांत मला माझेच दिसले असते. मी खोटं बोललो. तिनं ते अण्णांना सांगितलेलं मला फोनवर ऐकू आलं, आणि त्यांचा जड, अडखळता आवाजही, “त्याला... आग्रह करू नको. त्रास व्हत असंल.”

तेही त्यांनी खरं मानलं.

आठवड्याभरात ते गेले. आता माझ्या हातात खरीच काठी आहे. नवे डॉक्टर हुशार आहेत. रिपोर्ट नीट वाचतात. पाय काय म्हणतात, ते कुणी विचारत नाही.

डॉक्टरांच्या त्या प्रश्नाचं एक खरं उत्तर मी त्यांना देणं लागतो. त्या दिवशी पाय ‘चल’ म्हणत होते. मीच नाही म्हणालो.