एका लग्नाला एवढी पानं

उल्हासनगरच्या कॉलेजात मी इंग्रजी विषय घेतला तेव्हा आमच्या पालेगावच्या घरात इंग्रजी वाचणारं दुसरं कोणी नव्हतं. खरं तर मलाही नीट येत नव्हतं. अभ्यासाला एक जाड कादंबरी होती. तिच्यातली नायिका आजारी पडायची आणि मग कितीतरी पानं मरतच राहायची. शब्दकोश हातात घेऊन मी तिच्यामागून चालायचे. ती मरायच्या आधी मीच थकून जायचे.

त्या कादंबरीचं गाइड शोधत एकदा मी बाजारातल्या एका सिंधी काकांच्या दुकानात गेले. दुकान बटणं, नाड्या आणि अस्तराच्या कापडाचं होतं, पण मागच्या भिंतीला लाकडी फळ्या होत्या आणि त्यांवर भाड्याने द्यायची जुनी इंग्रजी पुस्तकं होती. गाइड त्यांच्याकडे नव्हतं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, स्टुलावर चढून एक छोटं पुस्तक काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

“बेटी, तू ये ले जा. इंग्लिश इसीसे आएगी. इसमें कोई मरता नहीं.”

मुखपृष्ठावर लांब झग्यातली बाई, तिच्या हातात पंखा आणि मागे घोडागाडी. मी जरा संकोचले. काकांना ते कळलं असावं. त्यांनी मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचं पान घेऊन, पांढरी बाजू वर ठेवून, पुस्तकाला कव्हर घातलं. कॉलेजातल्या सगळ्याच मुलींना ते असं कव्हर घालून देतात, हे मला पुढे समजलं.

नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट आहे. त्या पुस्तकानंतर मी त्या प्रकारची किती पुस्तकं वाचली ते मला सांगता येणार नाही. त्यांना रीजन्सी कादंबऱ्या म्हणतात. दोनशे वर्षांपूर्वीचं इंग्लंड, राजा आजारी, त्याचा मुलगा त्याच्या जागी कारभार बघतोय, असा तो थोडासा काळ. पण कारभाराचं पुस्तकात फारसं काही नसे. असायच्या त्या उमरावांच्या घरातल्या लग्नाच्या मुली, नाकावर चष्मा ठेवणाऱ्या त्यांच्या आत्या, कर्जात बुडालेले देखणे भाऊ, आणि एक कोणीतरी गर्विष्ठ तरुण, ज्याच्याशी नायिका पहिल्याच भेटीत भांडायची. भांडली की मला बरं वाटायचं. म्हणजे आता यांचं जमणार.

ही पुस्तकं वाचताना मला अपराधी वाटायला हवं होतं का, हे मी तेव्हा स्वतःला बरेचदा विचारलं. आमच्या घरात मी पहिली कॉलेजला गेलेली. माझ्याकडून सगळ्यांना काहीतरी मोठं, गंभीर हवं असणार, असं मला वाटायचं. आणि मी अंबरनाथच्या शिवमंदिरावरून घरी येताना ओढ्याकाठच्या दगडावर बसून एका ड्यूकच्या उडालेल्या टोपीवर एकटीच हसायचे. पण पहिल्यांदाच मला इंग्रजी वाचताना भीती वाटत नव्हती. एखादा शब्द अडला तरी माणसं अडत नव्हती. ‘सीझन’ सुरू झाला की लोक गावाकडची घरं सोडून लंडनला जायचे, मुलींना नवे कपडे शिवायचे, रोज कोणाकडे तरी जेवण. शब्दकोशात ‘ऋतू’ असं होतं. मी समासात पेन्सिलीने ‘लगीनसराई’ लिहिलं आणि पुढे गेले.

बाबांनी एकदा पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं.

“क्या लिवलंय ह्याच्यान?”

“एका पोरीचं लगीन.”

“एवऱ्या बुकान एकच लगीन?”

“एकच.”

“एका लग्नाला एवरी पानं?” बाबा म्हणाले. “आमचं तं बैलांना चारा टाकून येईपरतं ठरलं.”

त्यांनी पुस्तक परत माझ्या हातात दिलं.

माझी खरी सोबत ताईची होती. ती माझ्याहून मोठी, सातवीनंतर शाळा सोडलेली. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यातून टेम्पो यायचा आणि पँटींचे गठ्ठे पडवीत टाकून जायचा. शिवणीतून बाहेर राहिलेले धागे कापायचे आणि पँटी घडी करून परत द्यायच्या, असं ते काम. कॉलेजातून आले की मीही कात्री घेऊन बसायचे, आणि कापता कापता आमच्या बोलीत तिला गोष्ट सांगायचे. ताईला नावं लक्षात ठेवायची नसत. तिने सगळ्यांना आपली नावं दिली होती: चष्मेवाली, घोरेवाला, रडकी. मी दारात पाऊल टाकलं की विचारायची, “आज घोरेवाल्याचं क्या झालं?”

त्याच वर्षी ताईला बदलापूरकडच्या एका गावचं स्थळ आलं. मुलगा अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला होता. आमच्या आत्याने, बाबांच्या मोठ्या बहिणीने, ते आणलं होतं. शेवट मी इथेच सांगून टाकते: त्या मुलाला आता मी भावजी म्हणते. पण तेव्हा तो कोणीच नव्हता. बघायचा कार्यक्रम झाला. ताईने पाण्याचा तांब्या नेला, खाली बघत बसली, तिला स्वयंपाकाचं विचारलं, शेतीचं विचारलं, आणि पसंती झाली. कोणाची झाली, हे कोणी बोललं नाही.

“कसा हाय?” मी रात्रीच्या भाकऱ्या करताना विचारलं.

“मना क्या ठाव? मी त्याचं पाय बगितलं. नखं कापलेली हुती.”

आम्ही दोघी खूप हसलो. मग ताई चुलीतलं लाकूड पुढे सारत बसली.

दुसऱ्या दिवशी गोष्टीत नायक नायिकेला लग्नाचं विचारतो ती जागा आली. ताईने कात्री थांबवली.

“त्यो तिलाच इचारतो?”

“हां. कवा कवा आदी बापाला इचारतो. पन मंग तिलाच.”

“सगल्यांसमोर?”

“नाय. एकलीला. बागंन.”

“आनि ती नाय बोलली तं?”

“तं नाय. त्यो वाकून नमस्कार करतो नि जातो.”

“मंग घरची मारत नाय तिला?”

“नाय गं.”

“बरी हायेत मानसं,” ताई म्हणाली. बराच वेळ ती एकाच पँटवर कात्री फिरवत राहिली. त्यावरचे धागे केव्हाच संपले होते. “मना नाय बोलायचं नाय गं. त्यो वाईट नसल. पन मना इचाराला पायजे हुतं. कोनी तरी. एकदा.”

माझ्या हातात ते पुस्तक होतं आणि मला फार विचित्र वाटलं. मी तिला गोष्टी सांगून करमणूक करत होते असं मी समजत होते. पण न विचारलं जाणं म्हणजे काय, हे कदाचित तिला माझ्या गोष्टींमुळेच दिसलं होतं. ते दिसून तिचं बरं झालं की वाईट, हे मला ठरवता येईना. बोलणी पक्की व्हायची होती. साखरपुड्याची तारीख आत्या भटजींकडून काढून आणणार होती. त्याच्या आत काही झालं तर झालं.

मी पुस्तकांत शोधू लागले. तिथेही लग्नाचं विचारायची वेळ येईपर्यंत मुलामुलींना एकटं भेटायची बंदी होती. मग ते बोलायचे कुठे? तर नाचताना. मोठ्या दिवाणखान्यात सगळ्या गावासमोर जोडीने नाच चाले, आणि नाचता नाचता दोन वाक्यं बोलून घेता येत. मी हे ताईला सांगितलं. वाजंत्री लावलेली असते, म्हाताऱ्या बाया भिंतीला खुर्च्या टाकून बसतात, कोण कोणाकडे बघतो ते टिपतात, आणि कोणाची किती जमीन त्याचा हिशोब लावतात.

“म्हंजे हलद,” ताई म्हणाली.

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. आमच्या आगरी लग्नात हळदीची संध्याकाळ लग्नापेक्षा मोठी असते. मांडवात बेंजो वाजतो आणि अख्खं गाव नाचतं. कॉलेजातल्या मैत्रिणींपुढे मी हळदीचं कधी बोलत नसे, त्या गोंगाटाची मला लाज वाटायची. आणि ते इंग्रजी नाच मला शब्दकोशाशिवाय कळत होते ते केवळ मी लहानपणापासून हळदीच्या मांडवात बसले होते म्हणून.

“पन आमचं बाप्ये येगले नाचतान, बाया येगल्या,” ताई म्हणाली. “बोलनार कवा?”

पुढच्या आठवड्यात आमच्या चुलत भावाची हळद होती, आणि त्या स्थळाकडच्या लोकांनाही आमंत्रण होतं.

दिवस मावळायला बेंजो सुरू झाला. बायकांचा घोळका मांडवाच्या एका बाजूला, पुरुषांचा दुसऱ्या. तो मुलगा पाण्याच्या पिंपाजवळ स्टीलचा पेला धरून उभा होता. पुस्तकांत नायिकेची एक मैत्रीण असते, ती अशा वेळी धीटपणे पुढे होते. मी धीट नव्हते. पिंपापर्यंत जाऊन मी एकदा परत आले. दुसऱ्या वेळी गेले आणि कॉलेजातल्या मराठीत म्हणाले, “आमच्या ताईला तुमच्याशी बोलायचंय.”

त्याने मागे वळून पाहिलं, मी दुसऱ्या कोणाशी बोलतेय की काय म्हणून.

“माझ्याशी? कवा?”

“आता. मागे गोठ्याकडे या.” बाग आमच्याकडे नव्हती. गोठाच होता.

“गोठ्याकरं?” तो खरंच घाबरला. “कोनी बगितलं तं नाव तुमच्या ताईचं खराब होल.”

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पुस्तकातली बाग मी उचलून आमच्या गोठ्यामागे ठेवायला निघाले होते. मी काही बोलणार तोच माझ्या खांद्यावर हात पडला. आत्या.

“क्या चाललंय गं बाय?”

बनवून सांगायला मला काही सुचेना, म्हणून जे होतं ते सांगितलं. ताईला याच्याशी एकदा बोलायचंय. त्याने तिला विचारावं असं तिला वाटतं. आत्याने माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं.

“गोठ्याकरं कशाला? चोरी करताव क्या?”

तिने बायकांच्या घोळक्यातून ताईला हाताला धरून आणलं, आणि मांडवाच्या अगदी मध्ये, बेंजोवाल्यांच्या समोर, त्या दोघांना हातभर अंतरावर उभं केलं. बायका नाचायच्या थांबल्या.

“हितं बोला. सगल्यांना दिसतंय, कोनी क्या बोलनार नाय.” मग ती बेंजोवाल्याकडे वळली. “ए! दम नाय क्या? जोरान वाजव! ह्यांचं ह्यांनाच आयकू आलं पायजे!”

त्याने असा वाजवला की मांडवाचे बांबू हलले. आत्या समोर खुर्ची टाकून बसली. मी तिच्या मागे उभी राहिले. तो मुलगा काहीतरी म्हणाला. ताईने कानाला हात लावला. तो पुन्हा म्हणाला, जवळ वाकून. तेव्हा ताईने पहिल्यांदा मान वर केली आणि त्याच्या तोंडाकडे सरळ पाहिलं.

“माझं लगीन ठरलं तवा मी घरान नव्हती,” आत्या समोर बघतच मला म्हणाली. “भाताच्या लावनीवर हुती. आली तवा घरची बोलली, तुझं ठरलं.” आणि तिने बेंजोवाल्याला हाताने खूण केली, अजून.

दुसऱ्या दिवशी पँटींचा गठ्ठा सोडताना ताईने मला सांगितलं.

“पयलं इचारलं, जेवलीस क्या?”

“आनि?”

“मंग बोलला, तुना पटत नसल तं सांग. मी घरी सांगन, मनाच नको हाय. तुझ्यावर नाय येनार.”

माझी कात्री हातातच राहिली. एवढ्या पुस्तकांत इतकं सभ्य वाक्य कोणी बोललं होतं का, ते मी आठवू लागले.

“मंग तू क्या बोललीस?”

“बोलली, पुनवेला सांगन.”

घरात एकच गोंधळ झाला. बाबा अंगणात येरझाऱ्या घालू लागले. “पुनवेला? तवर क्या करायचं?”

“थांबायचं,” आत्या म्हणाली.

आणि सगळे थांबले. उत्तर काय येणार हे घरात प्रत्येकाला माहीत होतं. ताईलाही माहीत असणार. तरी ती रोज पडवीत बसून धागे कापायची, गुणगुणायची, आणि कोणी तिच्याकडे बघितलं की मुद्दाम कात्रीकडे बघायची. माझ्या आठवणीत ती इतकी मोठी कधी दिसली नव्हती. मला तेव्हा त्या पुस्तकांबद्दल काहीतरी समजल्यासारखं वाटलं, नीट सांगता येईल की नाही माहीत नाही. त्यांचा शेवट पहिल्या पानावरच ठाऊक असतो. आपण वाचतो ती मधली पानं, जेव्हा सगळं एका मुलीच्या उत्तरासाठी अडून राहिलेलं असतं. तेवढाच वेळ तिचा असतो. बाबांना हे सांगावं असं फार वाटलं, पण माझ्याने बोलवलं नाही.

पुनवेच्या संध्याकाळी आत्या आली आणि ओटीवर टेकली. बाबा आले, तेही बसले. मी खाटेवर पुस्तक घेऊन होते. नायक बागेत पोचला होता, आणि मी पान उलटलं नव्हतं.

“सांग गं बाय,” आत्या म्हणाली.

“जरा थांब, आते. एवरा गठ्ठा होऊ दे.”

ताईने शेवटच्या पँटचा धागा कापला, ती झटकली, घडी करून ढिगावर ठेवली, मांडीवरचे निळे धागे गोळा केले, आणि मग वर पाहिलं.