पोटाचा मास्क

आमच्या आक्काला उघडी वस्तू बघवत न्हाय. आक्का म्हंजी गौराबाई, माझी थोरली जाऊ. बेंबळी गावात आमच्या दोघींची घरं एकाच अंगणात, मधी फकस्त एक लिंबाचं झाड. त्यामुळं तिचं सगळं मला दिसतंय आन् माझं तिला. तिच्या घरात मिक्सरला झबलं हाय, रिमोट पिशवीत हाय, फ्रिजच्या मुठीला सुद्धा बाही शिवलीया. शिलाई मशीनला गवसणी, आन् गवसणीचा रंग उडू नये म्हणून तिच्यावर टावेल. टीव्हीला तर असा जरीकाठाचा पडदा, की एकदा पाव्हणे आले ते आत देव आसंल म्हणून हात जोडून गेले. आक्कानं त्यांना अंगारा न्हाय दिला एवढंच.

तिचं माहेर तेरखेड्याचं. तिथं फटाके करत्यात. बाप दारू भरायचा, आई वाती लावायची, आन् पोरींना दिवसभर एकच बोल ऐकायला मिळायचा: झाकून ठेव, ठिणगी पडंल. आक्का सासरी येताना दुसरं काय घिऊन आली ठाव न्हाय, पण हे वाक्य घिऊन आली. ओटीत मिळालेला एकूणएक खण तिनं झाकणात घातला. अंगात मात्र कायम तीच दोन विटलेली पोलकी.

जन्मात झाकली न्हाय अशी एकच वस्तू, ती म्हंजी सोताचं तोंड. कोरोना आला तवा सगळ्या गल्लीला फुकटात मास्क शिवून वाटले, आन् हिचा मास्क हनुवटीवर. म्या म्हणलं, "आक्का, नाकावर घ्या की."

"मंग बोलू कशी?"

म्या आपला माझाच मास्क वर वढला.

दुसऱ्या लाटेत तिची सून शिवलीला नवव्या महिन्यात होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण नळदुर्गाला तिचे आई-बाप दोघंबी कोरोनानं अंथरुणात. आक्कानं विहीणबाईला फोनवर छाती ठोकून सांगितलं, "तुमी निवांत पडा. पोरगी माझ्या झाकणाखाली हाय."

आन् सांगून झालं की ही बया तेरखेड्याला, भाच्याच्या साखरपुड्याला. आली ती खोकतच. इचारलं तर म्हणली, मिरच्या कुटल्या. तवापासून तिच्या हाताची आमटी खारट व्हायला लागली. तिचा लेक कृष्णराज बिचारा दोन घास खाऊन तांब्याभर पाणी प्यायचा. बोलला तर ही त्याच्यावरच डाफरली, "मला तर आळणी लागतीया." दुकानदाराशी भांडून आली, तुझा गूळ गोड न्हाय म्हणून. म्या म्हणलं, वय झालं बाईचं.

मंग शिवलीलाला ताप भरला. गावात तपासणीवाले आले. कृष्णराजला काय निघालं न्हाय, आमच्या घरातबी कुणाला न्हाय, शिवलीलाला निघाला. आक्कानं काडी जवळच येऊ दिली न्हाय. "नाकात घालून घ्यायला म्या काय बैल हाय?" म्हणली आन् गोठ्यात जाऊन उभी राहिली. तपासणीवाल्यांनी हात टेकले.

कृष्णराजनं धाराशिवच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी सरळ सांगितलं, "आईकडून पोटातल्या बाळाला होतो, पण क्वचित. बहुतेक बाळं चांगली निघतात. तिचा ताप आणि ऑक्सिजन बघत राहा, दम लागला तर लगेच घेऊन या."

आक्का ते "क्वचित" धरून बसली. "क्वचित म्हंजी होतोय की, गिरजे." उंबऱ्यावर बसली होती. "तिच्या आईनं माझ्या भरवशावर सोडलीया. लेकराला काय झालं तर त्या माउलीला तोंड कसं दाखवू?" तिला एवढी भ्यालेली म्या कधी बघितली न्हाय. मला तिचा राग येतो, रोज येतो, पण त्या दिवशी न्हाय आला.

जरा वेळानं मशीन सुरू झाली. म्या बघायला गेले तर मांडीवर हिरवा खण, तांबडा काठ. तीन पदरी, मधी चुण्या, बांधायला चार नाड्या. येवढा मोठा मास्क म्हशीला झाला असता.

"हे कुणाला?"

"पोटाला."

"आक्का, बाळाचं नाक कुठल्या अंगाला हाय, ते तरी ठाव हाय का तुमाला?"

"आसंल आत कुठंतरी. म्हणून तर सगळंच झाकलंय."

शिवलीला भिंतीकडं तोंड करून पडलेली. ताप आन् भ्या, दोन्हीनं चेहरा उतरलेला. तिनं तो मास्क बघितला आन् हसायला लागली. हसता हसता खोकली, पुन्ना हसली. ताप आल्यापासनं पोरीच्या तोंडावर हसू दिसलं न्हवतं.

"आत्या, त्यानं आत श्वास कसा घ्यायचा?"

"सुती हाय. हवा लागती."

आन् तिनं तो बांधून घेतला बरं का. पोटावर हात ठेवून गप पडली. भ्यालेल्या माणसाला करायला कायतरी लागतं, ते मिळालं तिला.

कळा आल्या तशी कृष्णराजनं जीप काढली. दवाखान्यात नर्सबाई त्या हिरव्या मास्काकडं बघतच राहिली. "हे काय?" कृष्णराज खाली मान घालून म्हणला, "आईनं शिवलंय."

पोरगी झाली. रडणं असं खणखणीत, की आमाला फाटकाशी ऐकू आलं. आमी म्हंजी म्या, आक्का आन् शेळी. व्हय, शेळी. आईचं दूध चालणार न्हाय असं आक्कानं घरीच ठरवलं होतं, म्हणून शेळी जीपमधी घातलेली, वर झूल घालून.

नर्सबाई बाहेर येऊन म्हणली, "बाळ आईपाशीच आहे. आई मास्क लावून, हात धुऊन पाजते. बाळाची तपासणी केलीय, उद्या कळेल."

आक्का भडकलीच. "पेटत्या वातीजवळ दारू ठेवली का तुमी? द्या इकडं पोर. म्या संभाळते."

तिचा आवाज आतपर्यंत पोचला आसणार, तेवढ्यात आतून शिवलीलाचा फोन. रडत होती. "आत्या, तिला नेऊ नका. आत्ता कुठं प्यायला लागलीया."

"तिच्याच भल्याचं सांगते, बाई," आक्का म्हणली, आन् तिच्याबी डोळ्याला पाणी.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "बाळ कुणाच्याही हातात देताना आधी त्या माणसाची तपासणी करावी लागते. तुमची झालीय का?"

आक्कानं माझ्याकडं बघितलं. शेळीकडं बघितलं. मंग खुर्चीत बसली आन् नातीसाठी नाक पुढं केलं. काडी आत गेली तवा जे काय तोंडातून निघालं, ते म्या इथं सांगत न्हाय.

दुसऱ्या दिवशी कळलं. बाळाला काय न्हाय. शिवलीलाचा ताप उतरलेला. आन् कोरोना निघाला तो आक्काला.

डॉक्टरीणबाईंनी इचारलं, "तोंडाची चव गेली होती का?"

कृष्णराज हळूच म्हणला, "आमटी."

शेळी तेवढी वरडली.

"गिरजे," आक्का म्हणली, "ठिणगी माझ्याच तोंडातनं उडाली की गं." कुणाकडनं कुणाला झाला हे कोण सांगणार, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आक्कानं ऐकलं न्हाय. मास्क हनुवटीवरनं वर घेतला आन् माझ्यापासनं लांब जाऊन बसली.

तिला शेतातल्या खोलीत ठेवलं, शेळीसकट. मायलेकी घरी आल्या. शिवलीलानं पोटाचा मास्क उकळत्या पाण्यात धुतला, वाळवला आन् कृष्णराजच्या हाती शेतात धाडला. "आत्यांना म्हणावं, आता तुमाला लागंल."

मंग एका सकाळी आमी बाळाला घिऊन बांधावर गेलो. पार तिकडं खोलीच्या दारात आक्का. हिरवा मास्क हनुवटीपासून कपाळापर्यंत, मधी दोन भोकं कातरलेली. बाळबी तिच्याच शिस्तीत: झबलं, टोपडं, वर दुपटं, नाकाचा शेंडा दिसंल तर शपथ.

आक्का टाचा उंच करून बघाय लागली.

"शिवलीला," ती तिथनं म्हणली, "तोंडावरचं काढ की तिच्या. बघू दे मला."

शिवलीलानं दुपटं सारलं. तोंडावर ऊन पडलं तशी पोरगी शिंकली. आता आक्का झाक म्हणून वरडणार, म्हणून शिवलीलाचा हात दुपट्याकडं गेला.

"राहू दे," आक्का म्हणली. "उघडीच राहू दे अजून जरा."