दोर कोणी धरायचा

"उतर खाली, उतर! बाईचा पाय होडीला लागता कामा नये!" शांतारामकाका ओरडले. त्यांच्या आवाजाने आमच्या बेटावरचे नारळ पिकायच्या आधीच पडतात; पण त्यांची बायको, जानकीकाकी, होडीत बसूनच राहिली. जन्मभर तिने खडकांवरची कालवं फोडली. मग मोबाइलवर तिला जपानच्या म्हाताऱ्या दिसल्या, समुद्रात बुडी मारून शिंपले काढणाऱ्या. आणि त्या देशाबद्दल विचारून विचारून तिने अख्खं बेट, मांजरांसकट, बेजार केलं.

"तिथे नवरे वर होडीत दोर धरून बसतात," ती म्हणाली. "तुम्हाला जमेल का?"

काका दोर घेऊन होडीत चढले आणि होडी निघाली.

मी काठावर बसून राहिलो. बेटावरच्या माणसाला आपली रीत म्हणजे समुद्राचीच रीत वाटते. मग दूर कुठेतरी, तेच खारं पाणी अंगावर घेऊन, कोणी नेमकं उलटं वागताना दिसतं, आणि आपला रोजचा समुद्र जरा अनोळखी होतो.

काकी ओंजळभर शिंपले घेऊन आली. संध्याकाळपर्यंत गावभर सांगता सांगता मी त्या ओंजळीची टोपली केली होती. काकांना विचारलं, "ती खाली असताना भीती नाही वाटली?"

"दोर आवळून आवळून हात सोलवटलेत," ते म्हणाले.