कोडवालं की माउसवालं

मिरा रोडजवळच्या हाटकेशमध्ये प्लास्टिकच्या बाटल्या करणाऱ्या कारखान्याच्या वरच्या गाळ्यात प्रीतमचं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं काम चालायचं. खालची मशीनं सुरू झाली की वर टेबलं थरथरायची. त्या थरथरत्या टेबलाशी बसून सुचेता पालशेतकर गणिताची पुस्तकं टाइप करायची.

ती मूळची गुहागरकडची. लग्न होऊन भाईंदरला आली, नवरा महिपत स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात प्रेसवर. इंग्रजी टायपिंगची परीक्षा पास होती म्हणून तिला हे काम मिळालं. गणित तिनं दहावीनंतर सोडलेलं, पण गणित छापायला गणित यावं लागत नाही. छेदाची रेघ कुठवर न्यायची, घातांक किती वर बसवायचा, एवढं डोळ्याला कळलं की झालं. तिच्या डोळ्याला ते कळायचं.

शेजारच्या मशीनवर शालू बसायची. जवळच्या चेणे गावची पोरगी, नववीत शाळा सुटलेली. घरी आई आणि दोन लहान भावंडं, कमावणारी ही एकटी. इंग्रजी अक्षरं तिला ओळखता यायची, पण शब्द जुळवताना ठेच लागायची. माउस कसा धरायचा तेसुद्धा सुचेतानंच तिला शिकवलं होतं. शालू चिन्हं चित्रासारखी लक्षात ठेवायची. इंटिग्रलला ती गळ म्हणायची, वर्गमुळाला छप्पर. ‘‘ताई, इथं छपराखाली आणखी एक छप्पर हाय बघ,’’ असं म्हणत ती एकेक चिन्ह उचलून जागेवर बसवायची. तिच्या हातून चूक क्वचितच व्हायची.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात मिरा रोडच्या एका मोठ्या क्लासनं सीईटीच्या पुस्तकांचं सगळं काम प्रीतमला दिलं. आजवरच्या जुन्या इक्वेशन एडिटरवर ते ओढलं जाईना. पानं लावायला घेतली की मुळांच्या चिन्हांच्या जागी रिकामे चौकोन यायचे. पहिल्या प्रकरणाच्या छपाईच्या फिल्म फुकट गेल्या, तेव्हा प्रीतम वैतागला. कॉम्प्युटरवाल्याला बोलावून त्यानं दोन नवी सॉफ्टवेअरं लावून घेतली. चार दिवस दोन्ही वापरून बघायची आणि एक ठेवायचं.

एकात वर चिन्हांची पट्टी होती. हवं ते चिन्ह माउसनं उचलायचं, रिकाम्या खान्यात क्लिक करायचं, आकडा भरायचा, पुन्हा पट्टीकडे जायचं. दुसऱ्यात चिन्ह दिसतच नसे. इंग्रजीत शब्द टाइप करत जायचं, कंस उघडायचे, कंस मिटायचे, आणि शेवटी बटण दाबलं की सगळं समीकरण एकदम उमटायचं. गाळ्यात त्यांची नावं पडली माउसवालं आणि कोडवालं.

सुचेताला कोडवालं दोन दिवसांत जमलं. टायपिंगचा हात होताच. तिसऱ्या दिवशी तिच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. त्या दिवशी तिचं मनगट दुखलं नव्हतं. गेले काही महिने तिच्या उजव्या अंगठ्याला आणि पहिल्या दोन बोटांना मुंग्या यायच्या, झोपेतून उठून हात झटकावा लागायचा. दिवसभर क्लिक करून होत असेल, असं तिला वाटायचं. कोणाला बोलली नव्हती.

शालूचं मात्र काही केल्या जुळेना. एक कंस राहिला की कोडवालं अख्खी ओळ नाकारायचं आणि लाल अक्षरांत इंग्रजीत काहीतरी सांगायचं. शालू त्या लाल अक्षरांकडे बघत बसायची.

‘‘मना न्हाय जमायचं, ताई,’’ ती हळूच म्हणाली.

शनिवारी प्रीतमनं सुचेताला आपल्या काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. महिपतशी ओळख असल्यानं तो तिला वहिनी म्हणायचा. ‘‘वहिनी, मला दोन्ही सारखीच. काम तुम्हाला करायचंय, तुम्ही बोला. कोडवालं फास्ट आहे, मी बघतोय. पण ते घेतलं तर एका मशीनवर भागेल. मग शालूला ठेवून मी काय करू?’’

काचेच्या पलीकडे शालू मान खाली घालून बसली होती. तिला ऐकू जात नव्हतं, पण विषय काय ते तिला कळत होतं. सुचेतानं दुखरा हात पदराखाली घेतला.

‘‘माउसवालंच घ्या. प्रूफ सुधारायला सोपं पडतं,’’ ती म्हणाली. ‘‘त्या कोडात एक चूक शोधायला दिवस जाईल.’’

‘‘नक्की ना?’’

‘‘नक्की.’’

शालूला तिनं यातलं काही सांगितलं नाही. ती तशी सांगणारी बाई नव्हती.

मग पुस्तकं येत राहिली. गणित झालं की फिजिक्स, फिजिक्स झालं की पुन्हा नव्या आवृत्तीचं गणित. काही चिन्हांना कीबोर्डचे शॉर्टकट होते, पण बाकी सगळ्यासाठी माउसलाच हात घालावा लागे. सुचेता मनगटाला क्रेप बँडेज बांधून बसू लागली. बाम लावला, शेकून पाहिलं. दिवाळीपर्यंत बोटांच्या मुंग्या थांबल्या, तेव्हा तिला वाटलं, बरं झालं.

पुढच्या वर्षी एका सकाळी ती भाकरी उलटत होती. पूर्वी नावाची तिची मुलगी बाजूला दप्तर भरत होती. तिनं वर पाहिलं आणि किंचाळली, ‘‘आई, हात!’’ सुचेताचा उजवा अंगठा तापल्या तव्याच्या कडेला टेकलेला होता. कातडी पांढरी पडली होती. जळाल्याचा वास आला तेव्हा तिनं हात उचलला. तिला काही कळलंच नव्हतं.

महिपत तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी फोडाला मलम लावलं आणि मग तिचे दोन्ही तळवे शेजारी शेजारी ठेवले. उजव्या अंगठ्याखालचा मांसल उंचवटा बसून गेला होता, तिथे खड्डा पडला होता.

‘‘मनगटात नस दाबली गेलीय, म्हणून बोटं बधिर झालीत. बरेच दिवस झाले याला. एवढे दिवस काय करत होतात?’’

‘‘काम,’’ महिपतच म्हणाला.

ऑपरेशन झालं. ती घरी होती तेवढ्यात क्लासमध्ये गणिताचे नवे सर आले. ते स्वतः कोडवाल्यातच लिहायचे, आणि फायलीही त्यांना तशाच परत हव्या होत्या. प्रीतमनं एका दुपारी माउसवालं काढून टाकलं, टायपिंग येणारी एक नवी मुलगी ठेवली आणि शालूला त्या महिन्यापुरतं यायला सांगितलं. त्यात त्यानं वाईटपणा केला असंही म्हणता येत नव्हतं. त्याचं गिऱ्हाईकच बदललं होतं.

काम सुटल्यावर एका रविवारी शालू भाईंदरला सुचेताला भेटायला आली. आता ती इमिटेशनच्या दागिन्यांना खडे चिकटवत होती, बोटांना केमिकलचा वास होता. सुचेताची लेक पूर्वी केस मोकळे सोडून फिरत होती, कारण आईला त्या हातानं वेणी घालता येत नव्हती. शालूनं तिला पुढ्यात बसवलं आणि कंगवा घेतला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झालं. मग वेणी घालता घालताच ती म्हणाली,

‘‘राग मानू नको, ताई. प्रीतमशेठ बोलला मना, प्रूफाला सोपं पडतं म्हणून तूच माउसवालं घ्यायला सांगितलंस. पण तू तवाच कोडवालं घ्यायला सांगायला पायजे व्हतं. नवी पोरगी काय आभाळातून पडली न्हाय. वर्षभर तुझ्या बाजूला बसून मी शिकली असती. सोपं ते तुझ्यासाठी घेतलंस, नि माझं हे असं झालं.’’

आतल्या खोलीत महिपत दाढी करत होता. त्याचा हात थांबला. हातावर उपचार चालू असताना सुचेतानं त्याला खरं काय ते सांगितलं होतं. आता ती बोलेल असं त्याला वाटलं.

सुचेता मुलीच्या वेणीकडे बघत होती. शालूचं बोलणं तिला लागलं, पण त्याहून एक गोष्ट जास्त लागली. शालू वर्षभरात शिकली असती, हे तिच्या त्या शनिवारी मनातच आलं नव्हतं. पोरीला सांभाळून घ्यायचं, एवढंच तिनं पाहिलं होतं. प्रीतमकडे थोडी मुदत मागून तिला शिकवावं, असं सुचलंच नव्हतं.

‘‘चुकलं गं माझं,’’ ती म्हणाली.

शालू चहा पिऊन निघून गेली. महिपत बाहेर आला, अर्धा गाल साबणाचा. ‘‘अगं, सांगायचं तरी. तिच्यापायी हात घालवलास तू.’’

‘‘सांगून काय तिचं काम परत येणार आहे?’’ सुचेता म्हणाली. ‘‘आणि ती बोलली ते खोटं नाही.’’

प्रीतमनं काही दिवस तिच्याकडे वाचायला प्रूफं धाडली, मग तेही बंद झालं. ऑपरेशननं दुखणं गेलं, पण अंगठ्यात जीव आला नाही. आता ती भाईंदरजवळच्या मोरवा गावातल्या एका शाळेत बालवर्गाच्या बाईंच्या हाताखाली आहे. मुलांना रांगेत उभं करते, त्यांचे डबे डाव्या हातानं उघडून देते. बुटाच्या नाड्या मात्र बांधता येत नाहीत, त्या दुसऱ्या कोणाला तरी बांधायला सांगाव्या लागतात. शालूचं लग्न झालं, ती वसईकडे असते म्हणतात. त्यानंतर तिचं येणं झालं नाही.