मामांचे दोन खिळे

सांगितलेली आनंदाची बातमी परत घ्यायला दारोदार फिरलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझ्या पत्नीचे मामा. भांडगावात, हायवेपासून थोडं आत, त्यांचं झेंडूचं शेत होतं. नोकरी जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करण्याची झाली. ती संपली तरी हाताची सवय सुटली नव्हती; पाहुणा आला की चहाच्या आधी त्याच्या टाचांच्या भेगा बघायचे. मी शिरूरला शाळेत ग्रंथपाल. रविवारी न्हावऱ्याच्या रस्त्यानं, चौफुल्यावरून त्यांच्याकडे जायचो, ओसरीवर पुस्तक उघडायचो आणि एकही पान न उलटता संध्याकाळ करायचो. समोर केशरी शेत, लांबून येणारी गाड्यांची गुणगुण, आणि भिंतीतल्या दोन खिळ्यांना टांगलेले हाराचे दोरे वाऱ्यावर सावकाश हलत असायचे.

पहिल्या खिळ्यावरचे दोरे राजाच्या गाठीचे. राजा म्हणजे मामांचा म्हातारा कुत्रा. मामी गेल्यावर घरात मामांचं ऐकून घेणारा तेवढाच उरला होता. त्याच्या मानेवर कातडीची गाठ आली, आणि ती साधी नव्हती. हृदय कमजोर, त्यामुळे भूल देऊन ती काढता येईना. तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की जंतांवरच्या एका जुन्या औषधानं असल्या गाठींच्या पेशी मरतात असं प्रयोगशाळेत दिसलंय. "पण ते काचेच्या बशीत हं, मामा. कुत्रं म्हणजे बशी नव्हे. कुत्र्यांमध्ये पुरावा फार थोडा आहे." मामा म्हणाले, "मग थोडा आपन गोळा करू." बाईंनी राजाचं वजन करून मात्रा ठरवली, अधूनमधून रक्त तपासायचं ठरवलं, आणि गोळी भाकरीच्या तुकड्यातून सुरू झाली.

दर रविवारी मामा गाठीभोवती हाराचा दोरा फिरवायचे, तेवढाच तोडायचे, कागदाच्या चिठ्ठीवर तिथी लिहून खिळ्याला अडकवायचे. दुसरा खिळा त्यांच्या स्वतःच्या मनगटावरच्या चरबीच्या गाठीचा. ती वीस वर्षं तिथंच होती, कुणाला काही त्रास न देता. फक्त राजा ती रोज चाटायचा. "हिला गोळी न्हाई. ही साक्षीदार," मामा म्हणायचे. "दोन्ही गाठी संगंच कमी झाल्या, तर दोऱ्यात खोट हाय असं समजायचं." बाई हे ऐकून इतक्या हसल्या, की इंजेक्शन भरायचं विसरल्या.

फाल्गुनात एका रविवारी राजाचा दोरा चांगला बोटभर आखूड भरला. साक्षीदार होती तेवढीच. मामांनी तो दोरा जुन्यांशी चार वेळा जुळवला, आणि मग कधी नव्हे ते घाईनं जाऊन पेढे आणले. अख्ख्या आळीत वाटले. शेजारचे आप्पा आपल्या म्हशीच्या चामखिळीसाठी गोळी मागायला आले. मामा त्या दिवशी शेतात उगाचच फिरत होते, फुलांना हात लावत.

पुढच्या रविवारी मी पोचलो तेव्हा ते ओसरीवर राजाचं अंग विंचरत बसले होते. बाजूला केसांचा ढीग. थंडीतले केस झडत होते. मामांचा हात मध्येच थांबला.

"जावईबापू, दोरा केसांवरनं घेत होतो वो मी."

"मग?"

"मग काय. गाठ हाय तेवढीच हाय. केस झडल्यात."

मी म्हणालो, "मामा, कशाला कुणाला सांगता? लोक विसरतील."

"आप्पा म्हशीला गोळी चारंल की!" ते उठले आणि ज्या ज्या घरी पेढा दिला होता त्या त्या घरी गेले. मीही मागोमाग. एका म्हातारीनं विचारलं, "मंग पेढा परत देऊ व्हय?" मामा म्हणाले, "पेढा ऱ्हाऊ दे, आक्का. इस्वास तेवढा परत दे." घरी येऊन त्यांनी आपल्या दाढीच्या वस्तऱ्यानं गाठीभोवतीचे केस काढले, नवा दोरा घेतला आणि जुने सगळे सोडवून ठेवले. राजानं त्यांचं मनगट चाटलं. तेव्हा पहिल्यांदा मामांचे डोळे भरले. "मला त्यो जगायला पायजे. पन तसं दोऱ्याला सांगून चालत न्हाई."

त्यानंतर गाठ वाढली नाही, कमीही झाली नाही. औषधामुळे थांबली का, असं विचारलं की म्हणायचे, "एका कुत्र्यावरनं म्या कसं सांगू?" कार्तिकात एका दुपारी, झेंडू तोडता तोडता, मामाच गेले.

राजा आता शिरूरला आमच्याकडे असतो. मी भिंतीत दोन खिळे ठोकले. एक रिकामाच आहे. परवाच्या रविवारी केस काढून दोरा फिरवला. जरा ओढून धरला असता तर आखूड भरला असता, आणि दारात उभी असलेली माझी पत्नी हसली असती. मी दोरा सैल केला.

"कमी झाली का हो?" तिनं विचारलं.

"तेवढीच आहे," मी म्हणालो.

राजा माझं मनगट हुंगत होता. त्यानं एकदा तिथं जीभ फिरवली, थांबला, आणि मग दुसरं मनगट शोधू लागला.