मामांच्या वहीतली खोडलेली गल्ली

पणजीची आल्तिनो टेकडी माझ्या बायकोच्या मामांना जितकी पाठ आहे तितकी ती तिथं जन्मलेल्या मांजरांनाही नसेल. कुठला रस्ता वर चढल्याचं भासवून गुपचूप खाली बाजारात नेऊन सोडतो, कुठल्या पायऱ्या कुणाच्या तरी न्हाणीमागे संपतात, कुठं एकेरी वाहतुकीमुळे समोरच्या दारापर्यंत पोचायला अख्ख्या टेकडीला प्रदक्षिणा घालावी लागते, सगळं त्यांच्या वहीत आहे. मामा कोरगावचे, काजूवाले. तिथं जायचा रस्ता तोच यायचा. तरी तीन वर्षं दर गुरुवारी ते सकाळच्या बसनं पणजीला जायचे आणि छत्री काखेत धरून चौकटीच्या वहीत टेकडी उतरवून काढायचे. एकदा एका टॅक्सीवाल्यानं त्यांनाच पत्ता विचारला. मामा त्याच्या शेजारी बसले, त्याला घरापर्यंत नेलं आणि उतरताना बजावलं, "परतताना उजवीकडे वळलंस तर फिरतच रवशीत हां!"

या वेडाला कारण मी आहे. बायकोला अजून सांगितलेलं नाही. हे वाचून कळेल.

मामांची धाकटी बहीण त्या टेकडीवर राहते. एका फणसाच्या झाडावरून दोघांचं बिनसलं आणि एकोणीस वर्षं बोलणं बंद. मधल्या काळात तिनं तिथं नवं घर बांधलं, ते मामांनी पाहिलंच नव्हतं. मामांच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मात्र त्यांनी हट्ट धरला, अक्षता बहिणीच्या हातात मीच देणार. आमच्याकडे अक्षता हातात पडल्याशिवाय कुणी लग्नाला येत नाही, सख्खी बहीण तर नाहीच नाही. पत्ता उडत उडत कळला होता तो एवढाच, की पाण्याच्या टाकीखाली निळं फाटक. पणजीला निघताना मी म्हटलं, "मामा, फोन करून विचारूया." स्कूटरच्या मागच्या सीटवर ते ताठ झाले. "फोन? म्हणजे भावाक भयणीचा घर ठावक नाय, ह्या तिच्याच कानार घालू?" नातेवाइकांना विचारणंही त्याच कारणानं बाद.

टाकी तीन ठिकाणांहून दिसायची आणि कुठूनच गाठता यायची नाही. दीड वाजता तेच वळण पाचव्यांदा आलं. मामांच्या पायात गोळा आला होता. ते आंब्याखाली दगडावर बसून टेकडी बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांची चौकशी करू लागले आणि मी शेजारची गल्ली बघायला गेलो. टोकाला निळं फाटक. आत एक बाई कोकमाची सोलं वाळत घालत होती. नाक थेट मामांचं. आता दोघं रडणार, मग चहा, मग जेवायचा आग्रह. मला डिचोलीतलं माझं घर दिसत होतं, ताटातलं माशांचं हुमण-शीत आणि नंतरची तासाभराची झोप. मी परत आलो.

"काय आसा थंय?"

"काही नाही मामा. सरकारी क्वार्टर्स."

पुढं लग्नाची धांदल उडाली आणि पुन्हा जाणं झालंच नाही. मुहूर्ताच्या वेळी मामा बहिणीसाठी घेतलेली साडी काखेत धरून मांडवाच्या तोंडाशी उभे होते. भटजींनी तीनदा हाक मारली तेव्हा आत आले. पुढच्या गुरुवारपासून त्यांची पणजीची बस सुरू झाली.

यंदा त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं. मामा वही घेऊन आमच्याकडे आले. "घर यंदा गावतलाच, जावयबापू. हुकलेली एक गल्ली दाखवा माका!" मी पानं उलटली. आंब्याचं झाड ओळखीचं वाटलं. शेजारची गल्ली पट्टी धरून नीट खोडली होती आणि बाजूला लिहिलं होतं, "जावयांनी पाहिले. काही नाही." तीन वर्षांत ते त्या गल्लीच्या तोंडावरून कितीदा तरी गेले असतील. एकदाही आत डोकावले नव्हते.

मी सांगितलं. फाटक, सोलं, हुमण, झोप, सगळं. मामांनी समोरचा पाव चहात बुडवला होता, तो विरघळून बुडाला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मग उठले आणि म्हणाले, "स्कूटर काढा."

फाटकाशी त्यांनी मला थांबायची खूण केली. अक्षतांची पुडी मुठीत धरून एकटेच आत गेले. मग बाईचा आवाज आला, "तीन वर्सांमागे चेडवाचा लगीन केलंस. भयणीची याद आज इली रे, दादा?"

माझं नाव सांगून मोकळं व्हायला मामांना ती जागा अगदी नेमकी होती.

"याद होती गो, बाय," मामा म्हणाले. "वाट चुकलंय."

आता गुरुवारची बस मामांशिवाय जाते. वही माझ्या स्कूटरच्या पुढच्या डिकीत राहिली, त्यांनी परत मागितली नाही. कधी सिग्नलला थांबलो की खोडलेल्या गल्लीचं पान उघडतो, ती ओळ पुसायला पेन्सिलचं रबर काढतो, आणि हिरवा दिवा लागला की वही तशीच आत ठेवतो.